सर्व्हरचा दिवा हिरवा, पण सेवा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संस्थेत एका सोमवारी सकाळपासून कुणालाच बाहेरची ई-पत्रे येईनात. पहिल्या दिवशी कुणी फारसे मनावर घेतले नाही. पत्र येत नाही म्हणजे कुणी पाठवले नसेल, असेच माणसाला वाटते. मंगळवारी मात्र कुजबुज सुरू झाली, तेव्हा आम्ही दोघेतिघे संगणक कक्षात गेलो. तिथल्या मित्राने सर्व्हरच्या व्यवस्थापनाचा पडदा उघडून दाखवला. डावीकडे यंत्रांची नावे, उजवीकडे सेवांची यादी आणि 'टपाल' या ओळीपुढे हिरवी खूण. "सगळं चालू आहे," तो म्हणाला. आणि तो खोटे बोलत नव्हता.

दोष सापडायला आणखी दोन तास लागले. आलेली पत्रे ज्या डिस्कवर ठेवली जात, ती काठोकाठ भरली होती. टपालाचा प्रोग्रॅम सुरू होता, पण येणाऱ्या प्रत्येक पत्राला तो 'आता जागा नाही, नंतर या' असे नम्रपणे सांगून परत पाठवत होता. डिस्क मोकळी केल्यावर दीड दिवसाची पत्रे धो धो येऊ लागली. त्यांत आमच्या एका विद्यार्थिनीच्या मुलाखतीचे पत्र होते आणि होकार कळवण्याची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. फोनाफोनी करून तिला दुसरी तारीख मिळाली, म्हणून बरे. पण तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. त्या हिरव्या खुणेला नेमके काय माहीत होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर संगणकाच्या इतिहासात बरेच मागे जावे लागते.

सर्व्हर आणि सेवा

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागण्या पुरवणारा संगणक. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, दहावीचा निकाल, यांपैकी काहीही आपण पडद्यावर पाहतो तेव्हा ती माहिती कुठल्यातरी सर्व्हरकडून आलेली असते. सेवा म्हणजे त्या सर्व्हरवर पडद्याआड अखंड चालणारा एखादा प्रोग्रॅम. कुणी टपाल सांभाळतो, कुणी फायली, कुणी छपाई. एकाच सर्व्हरवर अशा अनेक सेवा नांदू शकतात. म्हणून 'सर्व्हर चालू आहे' आणि 'सेवा मिळत आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. शाळा उघडी असणे आणि वर्गात शिकवणे चालू असणे यांत जो फरक, तोच इथे.

पडद्याआडच्या अशा प्रोग्रॅमला युनिक्सच्या जगात 'डीमन' म्हणतात. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९६३ च्या सुमारास काम करणाऱ्या मंडळींनी ते मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसावरून घेतले. तो राक्षस जसा कुणाला न दिसता दारापाशी बसून रेणूंची निवड करत राहतो, तसा हा प्रोग्रॅम न दिसता आपले काम करत राहतो. प्रश्न असा, की जो दिसतच नाही त्याचे काम नीट चालले आहे की नाही, हे ओळखायचे कसे?

स्मृतीच दिसत होती तेव्हा

२१ जून १९४८ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक चालू झाला. फ्रेडरिक विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल हे त्याचे कर्ते. त्याची स्मृती कॅथोड किरण नळीत होती आणि तीत प्रत्येकी ३२ बिटांचे ३२ शब्द मावत. नळीच्या काचेवर विद्युतभाराचे ठिपके उमटवून ही माहिती धरून ठेवली जाई.

गंमत अशी, की या संगणकाला छापील उत्तर देण्याची सोयच नव्हती. एका नळीवर ३२ ओळींत चमकणारे ठिपके आणि छोट्या रेघा पाहून उत्तर वाचायचे. पहिल्या प्रोग्रॅमने २,६२,१४४ या संख्येचा ती संख्या वगळून सर्वांत मोठा विभाजक शोधला. ५२ मिनिटांनी उत्तर आले, १,३१,०७२. म्हणजे स्मृतीत काय चालले आहे ते माणूस डोळ्यांनी पाहू शकत होता.

पण थोडे बारकाईने पाहू. स्मृतीच्या नळीसमोर धातूची पट्टी लावलेली असल्यामुळे खुद्द ती नळी दिसत नसे. तिला समांतर जोडलेल्या दुसऱ्या नळीवर तेच ठिपके उमटत आणि ते पाहायचे. तेव्हा अगदी पहिल्या दिवसापासून माणूस पाहत होता तो संगणक नव्हे, तर संगणकाविषयीचा अहवाल. फक्त तेव्हा दोहोंमध्ये एका तारेचेच अंतर होते. पुढची पन्नास वर्षे हे अंतर कसे वाढत गेले, तोच आपल्या गोष्टीचा धागा आहे.

१९५० च्या दशकातील यंत्रांना लुकलुकणाऱ्या दिव्यांचे आणि खटक्यांचे मोठे फलक असत. यालाच कन्सोल म्हणत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला 'टिफ्रॅक' हा याच पिढीतला. त्याचे प्रायोगिक रूप १९५६ मध्ये चालू झाले आणि पूर्ण यंत्र १९६० पासून वापरात आले. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचे नामकरण केले. त्याच्या फेराइट कड्यांच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आलेख आणि अक्षरे दाखवण्यासाठी या यंत्राला एक कॅथोड किरण नळीही जोडलेली होती.

त्या काळातील काही यंत्रांना ध्वनिक्षेपकही जोडत. प्रोग्रॅम चालू असताना त्यातून बदलते सूर निघत आणि सवयीचा माणूस नुसत्या आवाजावरून यंत्राची तब्येत ओळखे. प्रोग्रॅम एखाद्या चक्रात अडकून तेच तेच करू लागला, की एकच सूर लांबत राही आणि चालक उठून यंत्राकडे धावे. हा लांबलेला सूर वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

दिव्यांकडून शब्दांकडे

संगणक वेगवान झाले तसे दिवे निरुपयोगी ठरू लागले. सेकंदाला लाखो वेळा पेटणारा आणि विझणारा दिवा डोळ्यांना फक्त मंद पेटलेला दिसतो. १९६० च्या दशकात दिव्यांची जागा टेलिटाइपने, म्हणजे तारेने जोडलेल्या टंकयंत्राने घेतली. माणसाने आज्ञा टंकायची आणि यंत्राने उत्तर छापायचे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, ती याच वातावरणात. युनिक्सच्या आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या आणि उत्तरे त्रोटक का असतात, याचे एक कारण संथ आणि खडखडणाऱ्या टेलिटाइपवर एकेक अक्षर महाग पडे, हे आहे.

या पद्धतीत सेवेची व्यवस्था साध्या मजकुराच्या फायलींत लिहून ठेवलेली असे. सेवा चालू आहे का, हे आज्ञा देऊन विचारायचे. काय घडले, ते नोंदींच्या फायलीत वाचायचे. शिकायला हे कठीण, यात शंका नाही. एक स्वल्पविराम चुकला तरी सेवा बंद पडे. पण याचे दोन मोठे गुण होते. दिलेली आज्ञा कागदावर उतरवून दुसऱ्याला देता येई. आणि एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञा दोनशे यंत्रांवर तशीच चालवता येई.

चित्रमय कन्सोल कशासाठी आला?

१९८० च्या दशकात संगणक स्वस्त झाले आणि कचेऱ्या, दवाखाने, शाळा, छोटे कारखाने यांच्याकडे सर्व्हर येऊ लागले. तिथे पूर्ण वेळचा तज्ज्ञ नव्हता. लेखापाल किंवा एखादा उत्साही शिक्षक हेच काम सांभाळत. त्यांनी शेकडो आज्ञा पाठ कराव्यात, ही अपेक्षा अवास्तव होती. चित्रमय कन्सोल ही केवळ सजावट नव्हती. ती या माणसांची खरी गरज होती.

आय.बी.एम. कंपनीने १९९० मध्ये आपल्या युनिक्ससोबत, म्हणजे 'ए.आय.एक्स.'सोबत, 'स्मिट' नावाचे साधन दिले. यादीतून काम निवडायचे, रिकाम्या जागा भरायच्या, की काम झाले. त्याच्या चित्रमय रूपात एक छोटा माणूस धावताना दिसे. काम यशस्वी झाले तर तो हात उंचावी, फसले तर पडे. पण स्मिटचा खरा मोठेपणा वेगळाच होता. एक कळ दाबली, की या कामासाठी पडद्यामागे नेमकी कोणती आज्ञा दिली जाणार आहे, ते दिसे. शिवाय दिलेल्या सर्व आज्ञा एका फायलीत जमा होत. म्हणजे हे साधन काम करता करता शिकवतही असे.

जुलै १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज एन.टी. प्रणाली आली. वापरकर्त्यांची यादी, सेवांची यादी, घटनांची नोंदवही, सारे काही खिडक्यांमध्ये मांडलेले. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये ही विखुरलेली साधने 'मॅनेजमेंट कन्सोल' या एकाच चौकटीत बसवली गेली. डावीकडे झाडासारखी फांद्या फुटलेली यादी आणि उजवीकडे तपशील, ही मांडणी पुढे सर्वत्र रूढ झाली. दरम्यान १९९७ मध्ये जेमी कॅमेरॉन याने युनिक्ससाठी 'वेबमिन' तयार केले. त्यामुळे ब्राउझर उघडून दूरच्या सर्व्हरची व्यवस्था पाहता येऊ लागली.

यामुळे हजारो ठिकाणी सर्व्हर चालवणे शक्य झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आज्ञा पाठ नसणे म्हणजे अडाणीपणा, हा पंडिती अहंकार आम्हाला मान्य नाही.

हिरव्या खुणेला काय माहीत असते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कन्सोलवर सेवेपुढे 'चालू' असे लिहिलेले दिसते, ते कशाच्या आधारावर?

विंडोजमध्ये सेवांवर देखरेख करणारा एक प्रोग्रॅम असतो. प्रत्येक सेवा सुरू झाली, की ती स्वतःच त्याला कळवते, 'मी सुरू झाले.' देखरेख करणारा ते लिहून ठेवतो आणि कन्सोल त्याची नोंद वाचून आपल्याला दाखवतो. सेवेचा प्रोग्रॅम कोसळून नाहीसा झाला, तर देखरेख करणाऱ्याला ते कळते. पण प्रोग्रॅम जागेवर आहे आणि काम करत नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. युनिक्समध्येही पुष्कळदा 'या क्रमांकाची प्रक्रिया अस्तित्वात आहे का?' एवढेच पाहिले जाते.

शिक्षकांना हे समजायला वेळ लागणार नाही. आपण हजेरी घेतो तेव्हा मुलगा 'हजर' म्हणतो आणि आपण पटावर खूण करतो. ती खूण खरी असते. पण मुलाचे लक्ष फळ्याकडे आहे की खिडकीबाहेरच्या चिंचेकडे, हे हजेरीपट सांगू शकत नाही. कन्सोलवरची हिरवी खूण म्हणजे हजेरीपटावरची खूण. आमच्या टपाल सेवेने 'हजर' म्हटले होते, एवढेच.

१४ ऑगस्ट २००३

हा फरक किती महागात पडू शकतो, हे अमेरिका आणि कॅनडाने एका दुपारी अनुभवले.

ओहायो राज्यातील फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचे नियंत्रण कक्ष सर्व्हरवर चालणाऱ्या एका प्रणालीच्या आधारे काम करत असे. एखादी वाहिनी तुटली किंवा दाब घसरला, की धोक्याची सूचना पडद्यावर येई. त्या दिवशी दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी ही सूचना देणारी सेवा अडकली. दोन प्रक्रियांनी एकाच वेळी एकाच माहितीत लिहिण्याचा प्रयत्न केला, माहिती बिघडली आणि प्रोग्रॅम न संपणाऱ्या चक्रात फिरू लागला, असे पुढील तपासात आढळले. सेवा मेली नव्हती. ती 'चालू' होती, फक्त काही बोलत नव्हती. जुन्या यंत्राचा ध्वनिक्षेपक असता तर एकच सूर लांबत गेला असता. इथे होती केवळ शांतता, आणि शांततेचा अर्थ चालकांनी 'सर्व ठीक' असा घेतला.

प्रक्रिया न झालेल्या सूचनांचा ढीग साचत गेला. २ वाजून ४१ मिनिटांनी मुख्य सर्व्हर बंद पडला. काम आपोआप राखीव सर्व्हरकडे गेले. पण बिघाडही सोबतच गेला आणि २ वाजून ५४ मिनिटांनी तोही बंद पडला. चालकांच्या पडद्यावरील चित्र एरवी एक ते तीन सेकंदांत ताजे होई, त्याला आता ५९ सेकंदांपर्यंत वेळ लागू लागला. सर्व्हर पडल्याची वर्दी संगणक विभागाला आपोआप मिळाली. त्यांनी ३ वाजून ८ मिनिटांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला. सर्व्हर सुरू झाला, त्यांच्या दृष्टीने काम संपले. पण सूचना देणारी सेवा काम करते आहे का, हे त्यांनी चालकांना विचारले नाही. ती करत नव्हतीच.

दरम्यान ३ वाजून ५ मिनिटांनी, मग ३ वाजून ३२ मिनिटांनी आणि मग ३ वाजून ४१ मिनिटांनी ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या वाढलेल्या झाडांना टेकून तुटल्या. नियंत्रण कक्षात एकही सूचना वाजली नाही. शेजारच्या कंपन्यांकडून फोन येत होते, पण आपल्या पडद्यावर काही दिसत नाही म्हणून चालक त्यांच्यावर विश्वास ठेवायला कचरत होते. ४ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास आणखी एक महत्त्वाची वाहिनी तुटली आणि पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी पुढच्या सात मिनिटांत अमेरिकेतील आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेले. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली आणि ६१,८०० मेगावॉट भार तुटला.

दोन्ही देशांच्या संयुक्त समितीने एप्रिल २००४ मध्ये अंतिम अहवाल दिला. झाडे न छाटणे, शेजारी यंत्रणांचे अपुरे सहकार्य अशी इतर कारणेही त्यात आहेत. सारा दोष कन्सोलवर ढकलणे बरोबर होणार नाही. पण तासाहून अधिक काळ चालकांना परिस्थितीची कल्पनाच नव्हती, हे मुख्य कारणांपैकी एक होते.

मग काय बदलले?

पहिला बदल विचारण्याच्या पद्धतीत झाला आणि त्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. १९९९ मध्ये ईथन गॅल्स्टॅड याने 'नेटसेंट' नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. २००२ पासून ती 'नागिऑस' या नावाने ओळखली जाते. हिची रीत साधी आहे. सेवेला 'तू आहेस का?' असे न विचारता बाहेरून ग्राहकासारखे जाऊन तिच्याकडे काम मागायचे. टपाल सेवेशी बोलून पाहायचे, संकेतस्थळाचे पान मागून पाहायचे. योग्य उत्तर ठराविक वेळात आले तरच खूण हिरवी. हजेरी घेण्याऐवजी मुलाला प्रश्न विचारण्यासारखे हे झाले.

दुसरा बदल कन्सोलच्या प्रामाणिकपणाचा. मायक्रोसॉफ्टमधील जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये एक टिपण लिहून आज्ञांच्या भाषेची गरज मांडली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये 'पॉवरशेल' आले. त्याच सुमारास आलेल्या 'एक्स्चेंज सर्व्हर २००७' या टपाल प्रणालीचा चित्रमय कन्सोल पॉवरशेलवरच उभा होता. काम झाले, की आत्ता कोणती आज्ञा दिली गेली, ते तो लिहून दाखवी. स्मिटने सोळा वर्षांपूर्वी जे केले होते, ते असे पुन्हा सापडले. २००८ च्या विंडोज सर्व्हरमध्ये तर चित्रमय पडदा जवळजवळ वगळलेले एक रूपही दिले गेले. खिडक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने पुन्हा शब्दांकडे वळावे, ही इतिहासाची गंमत आहे. आज मोठ्या ठिकाणी चित्र पाहण्यासाठी वापरतात आणि बदल करण्यासाठी आज्ञा लिहून ठेवतात. दोघांची भांडणे बरीचशी मिटली आहेत.

वर्गात नेण्यासारखे

आपल्या शाळेत सर्व्हर असेल किंवा नसेल. पण ही गोष्ट फक्त सर्व्हरची नाही. प्रयोगशाळेतील प्रत्येक उपकरणाविषयी हाच प्रश्न विचारता येतो. तापमापी पाण्याचे तापमान दाखवते की स्वतःतील पाऱ्याचे? मोटारीचा वेगदर्शक रस्त्यावरचा वेग मोजतो की चाकाचे फिरणे? चिखलात चाक जागच्या जागी फिरू लागले तर काटा काय दाखवील? असे चार-पाच प्रश्न विद्यार्थ्यांपुढे टाकावेत आणि प्रत्येक उपकरण प्रत्यक्षात काय मोजते, आणि आपण त्यावरून काय गृहीत धरतो, हे दोन रकान्यांत लिहायला सांगावे. दुसऱ्या रकान्यात काय भरावे यावर वर्गात चांगला वाद होतो, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या संस्थेत त्या मंगळवारनंतर एक छोटी व्यवस्था केली गेली. दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एका यंत्रावरून आमच्या टपाल सेवेला एक पत्र येते. ते पोचले नाही, तर संगणक कक्षातल्या मित्राचा फोन वाजतो. हिरवी खूण अजून तिथेच आहे, फक्त आता तिला प्रश्न विचारला जातो.